मिथके एका ग्रंथात, जमीन दुसऱ्या ग्रंथात : हायमेनडॉर्फ यांच्या गोंडविषयक लेखनाचे परीक्षण

धर्म समाजपरिवर्तनाला हातभार लावतो की त्याची वाट अडवितो, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांतून व पाळक-परिषदांतून वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा दोन ठरीव पद्धतींनी दिले जाते. एक पक्ष म्हणतो की धर्म ही दुःखितांना गुंगवून ठेवणारी मात्रा आहे. दुसरा पक्ष म्हणतो की सर्व खऱ्या सुधारणांचा उगम धर्मातच आहे. दोन्ही उत्तरे दूरच्या देशांच्या इतिहासावरून घेतलेली असतात. आपल्या सीमेलगतचा, मराठी कानाला परिचित असलेला एखादा प्रदेश घेऊन हा प्रश्न तपासला तर काय दिसते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आदिलाबाद जिल्हा आणि त्या जिल्ह्याविषयी लिहिणारा सर्वांत मोठा अभ्यासक यांची निवड केली आहे.

आदिलाबाद आपल्याला परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट व राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. आंध जमातीची भाषा मराठी आहे. गोंडांचे वंशगायक जे परधान, त्यांच्याही घरात मराठी बोलली जाते, मात्र देवकथा ते गोंडीतून गातात. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना याच भागात काम केले, गोंडी भाषा आत्मसात केली आणि १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये तेलंगणा शासनाने जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले. येथे ‘आदिलाबाद’ म्हणताना तो जुना, अविभक्त जिल्हाच अभिप्रेत आहे.

१. लेखक आणि त्याचे ग्रंथ

ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–१९९५) हे मूळचे व्हिएन्नाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले, आणि निजामाच्या राज्यातील आदिवासींमध्ये राहून अभ्यास करण्याची संधी त्यांना त्यातूनच लाभली. १९४० मध्ये आसिफाबादच्या डोंगरात जोडेघाट येथे कुमरम भीम हा गोंड पुढारी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. या उठावाची कारणे शोधणे निजामाच्या शासनाला भाग पडले आणि त्यासाठी त्यांनी हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. पुढे ते संस्थानचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. १९४३ मध्ये मारलवाई या खेड्यात त्यांनी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती. १९८७ मध्ये त्यांच्या पत्नी बेटी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना याच मारलवाईत माती देण्यात आली. आदिलाबादशी त्यांचे नाते केवळ अभ्यासकाचे नव्हते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

त्यांचे चार ग्रंथ आपल्या विषयाशी निगडित आहेत. ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) हा प्रशासकांसाठी लिहिलेला अहवाल होय. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) हा मुख्य ग्रंथ असून त्याच्या पहिल्या खंडाचे उपशीर्षक मिथक आणि विधी असे आहे. ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’ (१९७९) या ग्रंथाच्या उपशीर्षकात परंपरा आणि बदल हे शब्द आहेत. ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ (१९८२) याच्या उपशीर्षकात तगून राहण्याचा संघर्ष आहे. ही शीर्षके ओळीने वाचली तरी लेखकाची दृष्टी कोठून कोठे गेली, हे ध्यानात येते.

२. या लेखनाचे श्रेय

गोंडांच्या धर्मकथांची नोंद करणारे हायमेनडॉर्फ हे पहिले नव्हेत. तो मान एका मिशनरीकडे जातो. नागपूरच्या फ्री चर्च मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोची कथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. पुढे फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने त्या कथेचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले आणि विलायतेतील वाचकांना ती एक रम्य वनकथा वाटू लागली. संग्रह झाला, परंतु ही कथा गाणाऱ्यांच्या जीवनात तिचे काम काय, हे कोणी विचारले नाही.

हायमेनडॉर्फ यांनी ते विचारले, हे त्यांचे मोठे श्रेय. कथेचा गाभा असा : गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले होते. पहांदी कुपार लिंगो या संस्कृतिपुरुषाने त्यांना मुक्त केले आणि त्यांचे चार, पाच, सहा व सात भावांचे गट पाडून दिले. हे गट म्हणजेच गोंड समाजातील ‘सगा’. कोणाचा विवाह कोणाशी व्हावा, मृत्यूनंतर कोणी काय करावे, पेरसापेन या कुलदैवतासमोर कोणी कोठे बसावे, हे सारे या विभागणीवर अवलंबून आहे. परधान किंगरी घेऊन यजमानाच्या दारी येतो आणि कथा गातो, तेव्हा त्या घराचे समाजातील स्थान तो पुन्हा एकदा घोषित करीत असतो. ज्या समाजाजवळ लिखित सनदा नव्हत्या, त्याची सनद या गाण्यात होती.

आपल्या उपदेशकांनी या मुद्द्याकडे लक्ष द्यावे. ‘अंधश्रद्धा’ हा एकच शब्द वापरून आपण ज्या विधींची बोळवण करतो, त्यांत नातेसंबंधांचे, वारशाचे आणि स्मृतीचे एक संपूर्ण शास्त्र असू शकते. ते समजून घेण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध उपदेश करणे म्हणजे न वाचलेल्या पुस्तकावर टीका करणे होय.

३. या लेखनातील उणीव

तथापि आमच्या मते या लेखनात एक मूलभूत उणीव आहे, आणि ती ग्रंथांच्या रचनेतच दडलेली आहे. गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, राखीव जंगलाच्या नावाखाली वस्त्या कशा उठविल्या गेल्या, सावकार व बाहेरून आलेले शेतकरी पट्टे आपल्या नावावर कसे करून घेऊ लागले, हे १९४५ च्या अहवालात आहे. देव, पुरोहित, जत्रा आणि परधान हे १९४८ च्या ग्रंथात आहेत. दोन्हींतील माणसे तीच, गावे तीच, वर्षेही तीच. परंतु एका ग्रंथातील गोंड पूजा करतो आणि दुसऱ्यातील गोंड जमीन गमावतो. पूजा करणाऱ्या हातातून जमीन निसटते तेव्हा त्या पूजेचे काय होते, आणि निसटत्या जमिनीला धरून ठेवण्याचे बळ त्या पूजेत आहे काय, हे दोन प्रश्न दोन पुस्तकांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहून गेले.

याचे कारण त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या धारणेत शोधावे लागते. धर्म समाजाला एकत्र बांधतो, हा द्युर्कहाइम यांचा सिद्धांत त्या पिढीने जवळजवळ गृहीत धरला होता. जो धर्माला केवळ बंधनाचा दोर मानतो, त्याला प्रत्येक बदल हा दोराचा एकेक पदर तुटल्यासारखा दिसतो. ‘द नेकेड नागाज’ (१९३९) या ग्रंथात हायमेनडॉर्फ यांनी आओ नागांमधील बॅप्टिस्ट मिशनवर कठोर टीका केली. तांदळाची दारू, मानाच्या मेजवान्या आणि तरुणांची सामायिक घरे यांना मिशनने विरोध केला, त्यामुळे समाजाचा कणाच मोडला, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आपण टाळू नये, कारण त्यात तथ्य आहे. परंतु पुढील इतिहास त्यांच्या सिद्धांतात बसत नाही. ज्या मंडळीने जुने बंधन सैल केले, तिनेच निरनिराळ्या नागा जमातींना अक्षर, सामायिक ओळख आणि एकत्र येण्याचे व्यासपीठ दिले. १९६४ मध्ये शस्त्रसंधी घडवून आणणारे शांतिपथक नागालँड बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. जो धर्म एका पिढीला विध्वंसक भासला, तो पुढच्या पिढीत बांधणारा ठरला.

गोंडांच्या बाबतीत नेमकी याच्या उलट बाजू दुर्लक्षिली गेली. नागांमध्ये नव्या धर्माची बांधण्याची शक्ती त्यांना दिसली नाही, आणि गोंडांमध्ये जुन्या धर्माची झगडण्याची शक्ती त्यांच्या ग्रंथांत पुरेशी उमटली नाही. भीमाचा लढा जमिनीचा व जंगलाचा होता, तो धर्मयुद्ध नव्हता, हे खरेच. पण त्याची आठवण कोणी जतन केली? सरकारी कागदांनी तर नव्हेच. दरवर्षी आश्विन पौर्णिमेस जोडेघाटला लोक जमतात आणि आपल्या रीतीने त्याला मान देतात. चांद्र तिथी, विधी आणि गीत या धर्माने घडविलेल्या साधनांनीच राजकीय स्मृती टिकून राहिली.

इंद्रवेल्लीचेही तसेच झाले. २० एप्रिल १९८१ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. शासनाने मृतांची संख्या तेरा सांगितली. इतरांनी केलेली गणना त्याच्या कितीतरी पट अधिक आहे. मृतांसाठी उभारलेला स्तंभ त्याच दशकात पाडला गेला आणि पुन्हा उभा राहिला. तेथे जमण्यावर अनेक वर्षे बंदी असे, तरी लोक येत राहिले. मृतांना विसरू नये ही गोंडांच्या धर्माची जुनी आज्ञा आहे. या स्तंभापाशी तिला नवा अर्थ मिळाला.

४. ग्रंथाहून कृती सरस

हायमेनडॉर्फ यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ग्रंथांत जे विभक्त राहिले, ते त्यांनी प्रत्यक्षात एकत्र आणले. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे मेस्राम कुळाच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. कुळातील लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्याने देवाचे पूजन होते आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. हजारो गोंड जेथे आपण होऊन येतात, तेथेच अधिकाऱ्यांनी येऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, ही व्यवस्था हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात सुरू केली. तो दरबार आजही भरतो.

या कल्पनेचे मर्म असे की, गोंड माणूस कचेरीच्या दारात एकटा व भेदरलेला उभा असतो. आपल्या देवाच्या अंगणात तो आपल्या कुळासह उभा असतो. त्याच दशकात अकरा हजारांवर आदिवासींना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे देण्यात आले. त्यामागे कायदा होता, अधिकारी होते. पण मागणी करण्याचे धैर्य कायद्यातून येत नसते. पूजा आणि पट्टा यांचा संबंध हायमेनडॉर्फ यांना अधिकारी म्हणून कळला होता. ग्रंथकार म्हणून त्यांनी तो मांडला असता तर त्यांचे लेखन अधिक पूर्ण झाले असते.

दरबाराचीही मर्यादा आहे. गाऱ्हाणे ऐकले जाणे आणि ते दूर होणे यांत अंतर असते. १९५९ चा जमीन-हस्तांतरण प्रतिबंधक नियम आणि १९७० चा त्यातील कडक बदल, ज्याला सारे ‘एक-सत्तर’ म्हणतात, हे असूनही जमिनी जात राहिल्या. १९८१ मध्ये गोळीबार झाला तो केसलापूरपासून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी तेच अर्ज घेऊन येणाऱ्या लोकांना दरबार हाही एक विधीच वाटू लागला, तर धर्म परिवर्तनाचे साधन न राहता समाधानाचे साधन होतो. शासनाला अशी जत्रा सोयीची असते.

५. सुधारणा आणि निर्गमन

गोंडांचा परंपरागत धर्म ही आदिलाबादमधील एकमेव धार्मिक शक्ती नव्हे. जैनूरजवळील पाटणापूरचे फुलाजी बाबा हे आंध जमातीतील संत. ते २०२० मध्ये निवर्तले. ध्यान, भक्ती आणि दारूचा त्याग ही त्यांची शिकवण होती, आणि आंध व गोंड यांपैकी फार मोठ्या समुदायाने ती स्वीकारली. अशा शिकवणीने घरातील स्त्रीला सुख लाभते, सावकाराचे येणे कमी होते. हे परिवर्तनच होय आणि ते कोणत्याही चळवळीने लज्जित व्हावे इतके प्रत्यक्ष आहे. पण पेरसापेनच्या विधीत मोहाची दारू व बळी यांना स्थान असल्यामुळे, त्या दोहोंचा त्याग करणारा माणूस कुळाच्या वर्तुळातून एक पाऊल बाहेर पडतो. माणूस सुधारतो आणि कुळ सैल होते, दोन्ही एकाच वेळी.

सीमेपलीकडे आणखी एक वाट दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि लगेच १६ ऑक्टोबरला चांद्यात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. तेथे कुळाचे वर्तुळ सैल होण्याची चिंता नव्हती, कारण ते वर्तुळच गुलामीचे होते. तेलंगणातील आपल्या मंडळ्यांचा इतिहासही या वाटेचाच आहे. दोर्नकलला १९१२ पासून बिशप अझरिया यांच्या देखरेखीखाली आणि मेदकच्या मिशनमध्ये जे लोक समूहाने आले, ते मुख्यतः माला व मादिगा समाजातील होते. त्यांच्याजवळ सोडण्याजोगे पुष्कळ होते आणि राखण्याजोगी जमीन जवळजवळ नव्हती.

हाच भेद निर्णायक आहे असे आम्हांस वाटते. ज्याचा जुना धर्म त्याला गावकुसाबाहेर ठेवतो, त्याच्यासाठी निर्गमन हीच मुक्ती. ज्याचा जुना धर्म त्याला जमिनीशी व भावकीशी जोडतो, त्याच्यासाठी तेच निर्गमन नव्या अनाथपणाचे कारण होऊ शकते. बंधनाची जात पाहिल्यावाचून मुक्तीचे रूप ठरविता येत नाही. हायमेनडॉर्फ यांच्या चौकटीत बंधन तेवढे दिसते, बंधनाची जात दिसत नाही.

६. नाबोथाचे प्रकरण

पवित्र शास्त्रात हा प्रश्न अमूर्त रूपात येत नाही. १ राजे २१ मध्ये अहाब राजा नाबोथाला द्राक्षमळ्याचा मोबदला देऊ करतो. व्यवहाराच्या दृष्टीने राजाची मागणी अयोग्य नव्हती. नाबोथ नकार देतो तो परमेश्वराच्या नावाने, कारण ते वतन त्याच्या पूर्वजांचे आहे. येथे धर्म प्रतिकार करतो. मग ईजबेल काय करते? ती उपासाचा दिवस जाहीर करविते, लोकांना जमविते आणि ईश्वरनिंदेचा आरोप ठेवून नाबोथाला दगडमार करविते. येथे धर्म लुटीचे हत्यार होतो. शेवटी एलिया त्याच मळ्यात येऊन उभा राहतो. एकाच अध्यायात एकाच परमेश्वराचे नाव तीन प्रकारे घेतले जाते, आणि प्रत्येक वेळी कसोटी एकच : मळा कोणाच्या हाती राहतो?

म्हणून ‘धर्म परिवर्तनाला पोषक की मारक’ हा प्रश्न या रूपात अपुरा आहे. कोणाचा धर्म, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या बाजूने, असे विचारले पाहिजे. हायमेनडॉर्फ यांनी पहिल्या अंगाचे उत्तर उत्कृष्ट दिले, दुसऱ्याचे स्वतंत्र पुस्तकात दिले, आणि तिसऱ्याचे आपल्या कृतीने दिले. तिन्ही एकत्र वाचणे हे आता आपले काम आहे.

७. मंडळीपुढील कार्य

आदिलाबादमध्ये ख्रिस्ती कार्य चालू आहे. चांद्याच्या सिरो-मलबार धर्मप्रांतातून १९९९ मध्ये आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि इतर मंडळ्यांचे उपदेशकही तेथे आहेत. त्यांच्यापुढे येणारा प्रश्न सिद्धांताचा नसतो. एखादा गोंड तरुण बाप्तिस्मा मागतो, आणि त्याला केसलापूरला जाऊ नको असे सांगावे की काय, हे कॅटेकिस्टने त्याच संध्याकाळी ठरवावयाचे असते. ‘जाऊ नको’ म्हटले तर तो देवाच्या पूजेपासून दूर होतो, पण त्याबरोबर पंचायतीतील आपली जागा, सगातील आपले नाते आणि दरबारात कुळासह उभे राहण्याचा आपला अधिकारही गमावतो.

पौलाने करिंथच्या मंडळीला अशाच पेचातून वाट दाखविली. १ करिंथ १० मध्ये तो मूर्तीच्या मेजावर सहभागी होण्यास स्पष्ट मनाई करतो. परंतु विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरचे निमंत्रण आले तर जाण्यास व वाढलेले खाण्यास त्याची हरकत नाही. उपासना आणि सोबत यांत तो भेद करतो. या भेदाच्या आधारे आम्हांस पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, नव्या विश्वासणाऱ्याची उपासना एकाच देवाची असावी, यात तडजोड नाही. पण सगाचे विवाहनियम, पंचायत, जोडेघाटचे स्मरण, इंद्रवेल्लीचा स्तंभ आणि केसलापूरच्या दरबारातील अर्ज ही मूर्तिपूजा नव्हे. तेथे ख्रिस्ती गोंडाने आपल्या भावकीबरोबर उभे राहावे, आणि शक्य तेथे पाळकाने त्याच्या शेजारी उभे राहावे.

दुसरी, परधानाचे गाणे ऐकावे. ऐकताना लिंगोला मोशे ठरविण्याची घाई करू नये. ती कथा गोंडांची आहे, तिला आपल्या उपदेशाचा दृष्टांत बनविणे हीदेखील एक प्रकारची जमीन बळकावणीच होय.

तिसरी, अनुसूचित क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक उपदेशकाला ‘एक-सत्तर’ आणि २००६ चा वनहक्क कायदा ठाऊक असावा. २०२३ मध्ये आसिफाबाद येथून पोडू जमिनीच्या पट्ट्यांचे वाटप सुरू झाले, तेव्हा कोणाची नावे राहून गेली, हे त्याला आपल्या वाडीपुरते तरी सांगता यावे. मंडळीने स्वतःच्या शाळा, दवाखाने व आश्रम कोणत्या जमिनीवर उभे आहेत, याचेही कागद तपासावेत.

चौथी, दारूविरुद्धचा आपला उपदेश चालू राहावा, पण फुलाजी बाबांच्या अनुयायांशी स्पर्धा म्हणून नव्हे. ज्या घरातून दारू गेली त्या घराचा आनंद कोणत्या पंथाच्या खात्यावर मांडावा, हा हिशोब आपण ठेवू नये.

हायमेनडॉर्फ यांचे ग्रंथ आपल्या सेमिनरीच्या ग्रंथालयांत असावेत आणि आपल्या विद्यार्थ्यांनी ते वाचावेत, अशी आमची शिफारस आहे. मात्र १९४५ चा ग्रंथ आणि १९४८ चा ग्रंथ एकाच टेबलावर, एकाच वेळी उघडून वाचावेत. आपल्या उपासनापद्धतीचे पुस्तक आणि आपल्या गावचा सातबारा किंवा पहाणी यांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. पैकी एकच उघडणाऱ्या सेवकाला नाबोथ भेटेल, पण तो ओळखू येणार नाही.